शिवलेलं पान

आमच्या बेटावर रविवारी वाराही दबकत वाहतो,
असं टॉर्कल म्हणतो.
मार्सली म्हणते, वारा काही चर्चचा सभासद नाही,
आणि मुद्दाम त्याच दिवशी चादरी वाळत घालते.
सात चादरी. घरात माणसं तीन.

बाबा असताना ती असं करत नसे.
शेवटची चार वर्षं त्यांना दिसत नव्हतं,
पण फडफड ऐकू गेली असती.

टॉर्कलचा बायबलमधल्या अक्षरन् अक्षरावर विश्वास.
सहा दिवस म्हणजे सहाच दिवस, मासा म्हणजे मासा,
त्याच्या पोटातला माणूस म्हणजे माणूस.
बावीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला हा गडी,
माशाच्या पोटात काय मावतं ते त्याला पक्कं ठाऊक.
तरीही.

मार्सली इन्व्हरनेसच्या इस्पितळात रात्रपाळी करते,
लहान मुलांच्या वॉर्डात.
पहाटे तीनला मी त्याला शोधलाय, म्हणते,
एकदा नाही, पुष्कळदा.
खाटेशेजारची खुर्ची रिकामी होती.

मला विचारू नका.
मी बाबांना रोज रात्री वाचून दाखवायचे,
पीटच्या शेगडीपाशी, गेलिकमधून,
दुसऱ्याला आलेलं पत्र वाचावं तसं:
उच्चार स्वच्छ, पूर्णविरामाला थांबून.
कधी एखाद्या ओळीवर माझाच आवाज जड व्हायचा.
श्रद्धा होती की झोप, कुणास ठाऊक.

शुभवर्तमानात एका ठिकाणी मात्र
बाबा माझ्या मनगटावर बोट ठेवायचे.
पुढचं घे.
मी घ्यायचे.
पानं चिकटली असतील, वाटायचं.
समुद्राकाठच्या घरात काय चिकटत नाही,
मीठ, साखर, खिडक्या.

काल शनिवारी वाटण्या केल्या.
होडी टॉर्कलला, घड्याळ मार्सलीला, भांडी कुणालाच नकोत.
पुस्तक दिव्याखाली धरलं
आणि दोरा दिसला.
काळा, डांबर लावलेला, जाळं सांधायचा.
कडेनं सोळा टाके,
प्रत्येक गाठ डावरी. बाबांची.

आत काय आहे, तिघांनाही तोंडपाठ.
होडी, वादळ, उशीवर डोकं टेकून झोपलेला तो.
मग उठतो, समुद्राला दटावतो
आणि समुद्र ऐकतो.

ईव्हर गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.
धक्क्यावरून त्याची पिवळी टोपी दिसत होती,
इतक्या जवळ.
पुढच्याच रविवारी बाबांनी स्तोत्राची पहिली ओळ उचलली,
नेहमीसारखी, न कापता.
अख्ख्या गावानं मान डोलावली, केवढा विश्वास म्हणून.
आणि मग घरी येऊन...
नाही, सोमवारीच.
रविवारी ते सुईला हात लावणार नाहीत.

टॉर्कलनं चाकू उघडला.
देवाचं वचन असं कोंडून ठेवत नाहीत, म्हणाला.
हात लावू नकोस, मार्सली म्हणाली.
तुला काय त्याचं? तुझ्या लेखी सगळं खोटंच ना?
सगळं. हे एक पान सोडून.

चाकू बराच वेळ उघडा राहिला.
किटलीतलं पाणी आटून गेलं, कुणी उठलं नाही.
फाडलं का नाही, टॉर्कलनं मग हळूच विचारलं.
आम्हाला नव्हे.

आज दुपारी सर आली.
चर्चहून परतताना, काळ्या कोटातच,
टॉर्कलनं दोरीवरच्या चादरी ओढून काढल्या,
सातही, चिमटे तोंडात धरून.
शेजारची म्हातारी पडद्याआडून बघत होती.
चादरी खुर्चीवर टाकून तो मार्सलीला एवढंच म्हणाला,
कोपऱ्यातली फाटलीय.

रात्री दोघं झोपल्यावर
मी पुस्तक घेतलं, सवयीनं, मोठ्यानं.
समोर रिकामी आरामखुर्ची.
वाचत वाचत त्या जागेपाशी आले.
मनगटावर कुणी बोट ठेवलं नाही.
थोडं थांबले.
मग पुढचं घेतलं.